लोणारचे विवर आणि पहिल्या वर्षाचे न्यूमरिकल

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्याने भूशास्त्रज्ञांना दीडशे वर्षे चकवले. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी तिथे पोहोचला आणि युरोपीय अभ्यासकांच्या कागदपत्रांत या खळग्याची नोंद झाली. हे विवर कशाने झाले, याचा निर्विवाद पुरावा हाती आला तो 1973 मध्ये. गावाकडे त्याचे उत्तर आधीपासून होते. विष्णूने इथे लवणासुराचा वध केला, म्हणून तळे खारे आणि म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. काच आणि साबणासाठी लागणारा इथला खार मोगल दरबारालाही ठाऊक होता. आईन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी लोणारचा हा इतिहास फार मोलाचा आहे. खडकांची नावे पाठ करायला तो वाचायचा नाही. अवघड प्रश्न कसा सोडवतात आणि हुशार माणसांचाही तो कुठे अडतो, हे यात जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी काय पाहिले? जवळजवळ अचूक गोल खळगा, वर उचललेला काठ आणि चहूकडे दख्खनचा काळा कातळ. हा बेसाल्ट ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थिजलेला. तेव्हा खळगाही ज्वालामुखीचाच, नाहीतर जमीन खचून झालेला, असे बहुतेकांनी धरले. अनुमान वेडगळ नव्हते. पण लाव्हा वाहायचा थांबून सहा कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि विवराचा काठ मात्र अजून ठसठशीत आहे. ही विसंगती समोर असूनही कातळाच्या जातीने मन आधीच वळवलेले होते.

याच काळात अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा नामवंत भूशास्त्रज्ञ ॲरिझोनातल्या तशाच एका खळग्याचा विचार करत होता. 1891 मध्ये त्याने तिथे जाऊन मोजमाप केले. अशनी, म्हणजे आकाशातून आलेला दगडाचा किंवा लोखंडाचा गोळा, जमिनीत रुतला असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात, असे त्याने आधी ठरवले. काठावर साचलेली माती आणि दगड खळग्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरायला हवेत, कारण पोकळीतली काही जागा अशनीने अडवलेली असणार. शिवाय लोखंडाचा तेवढा मोठा गोळा खाली असेल तर चुंबकसुई हलायला हवी. घनफळे सारखी निघाली आणि सुई हलली नाही. 1896 च्या निबंधात त्याने अशनीची कल्पना सोडली आणि वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला. तसाच खळगा म्हणून त्याने भारतातल्या लोणारचाही दाखला दिला.

गिल्बर्टची पद्धत आजही वर्गात शिकवावी अशी आहे. आधी अंदाज, मग त्या अंदाजातून काय दिसायला हवे याची मांडणी, मग मोजणी. तरी त्याचे उत्तर चुकले. अशनी आत शाबूत उरतो, हे त्याने न तपासता गृहीत धरले होते.

हे गृहीतक शाळेच्या पुस्तकातल्या गतिज ऊर्जेच्या सूत्रानेच तपासता येते. दुरून पृथ्वीकडे ओढला जाणारा दगड वातावरणात शिरताना सेकंदाला किमान 11.2 किलोमीटर वेगाने येतो. त्या वेगाला एक किलो दगडात सुमारे सहा कोटी तीस लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या पंधरा पट. वेग 18 किलोमीटर धरला तर ती चाळीस पटींच्या जवळ जाते. असा मोठा दगड जमिनीत रुतून बसत नाही. आदळताच त्याचा बहुतांश भाग वितळतो, वाफ होतो, उधळला जातो. म्हणून पोकळीत त्याने जागा अडवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता लोणारचा आकडा मांडून पाहावा. अशनी 60 मीटर व्यासाचा आणि दगडी धरू, घनता घनमीटरला 3,000 किलो. वस्तुमान येते सुमारे 34 कोटी किलो, आणि 18 किलोमीटर वेगाला ऊर्जा साडेपाचावर सोळा शून्ये द्यावीत इतके जूल. ही धरलेली मापे आहेत, मोजलेली नव्हेत, हे वहीत लिहायला हवे. उत्तर तपासायला दुसरी वाट आहे. विवराचा व्यास 1,830 मीटर आणि खोली सुमारे 150 मीटर. वाडग्याचा आकार धरून घनफळ काढले तर वीस कोटी घनमीटर भरते. एवढा कातळ शंभर मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा पहिल्या आकड्याच्या शंभराव्या हिश्शाइतकी निघते. बाकीची ऊर्जा कातळ फोडण्यात, वितळवण्यात आणि दूर भिरकावण्यात जाते, तेव्हा हिशोब पटण्यासारखा आहे. एखाद्या मुलाने किलोमीटरचे मीटर करायचे विसरून आकडा बसवला, तर ऊर्जा दहा लाख पटींनी कमी येईल. नुसता कातळ उचलायलाही ती पुरणार नाही, आणि चूक तिथेच हाती सापडेल. परीक्षेच्या घाईत मुले नेमकी ही फेरतपासणी सोडतात.

प्रश्न सोडवण्याच्या सवयींवर विसाव्या शतकात बराच अभ्यास झाला. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 मध्ये पुस्तक लिहून प्रश्न समजून घेणे, आराखडा करणे, तो पार पाडणे आणि मागे वळून पाहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. 1981 मध्ये मिशेलिन ची या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना आणि जाणकारांना भौतिकशास्त्राच्या प्रश्नांचे गट पाडायला लावले. नवशिक्यांनी उतारावरचे प्रश्न एका गटात घातले, स्प्रिंगचे दुसऱ्या. जाणकारांनी ऊर्जेची अक्षय्यता आणि न्यूटनचा दुसरा नियम अशा तत्त्वांवर गट केले. लोणारच्या काठावर पूर्वीच्या भूशास्त्रज्ञांचे हेच झाले होते. कातळ ज्वालामुखीचा, म्हणून खड्डाही ज्वालामुखीचा, ही वरवरच्या खुणेवर केलेली वर्गवारी होती. गाईडमधली सोडवलेली उदाहरणे घोकणारा विद्यार्थीही आकृतीत कप्पी दिसली की कप्पीचे सूत्र शोधतो. सूत्र हाती लागले की विचार थांबतो, आणि हीच सवय त्याला सगळ्यात महाग पडते.

लोणारचा निकाल लावायला ज्वालामुखी आणि अशनी या दोन्ही तर्कांना वेगळे करणारा पुरावा हवा होता. 1964 मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणार अशनीचे विवर असावे का, असा प्रश्न मांडला. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तळ्याच्या तळाशी छिद्रे घेतली आणि खालचा कातळ वर काढला. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा शोधनिबंध 1973 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा तडाखा बसला की त्याची काच होते, ती ही. त्यासाठी हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब लागतो आणि ज्वालामुखी तो देऊ शकत नाही. काचेचे बारीक गोळेही मिळाले, आणि अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी त्यांचे साम्य होते. बेसाल्टमधले अशनी-विवर पृथ्वीवर तेव्हा दुसरे माहीत नव्हते.

विवराचे वय मात्र वादात राहिले. 1997 मध्ये थर्मोल्युमिनेसन्स या वयमापनाच्या पद्धतीने ते सुमारे 52,000 वर्षे निघाले. 2011 मध्ये आर्गॉन समस्थानिकांवरून 5,70,000 वर्षे आले, 47,000 वर्षे मागेपुढे धरून. दहा पटींहून मोठा फरक. प्रत्येक पद्धत काय गृहीत धरते, तापलेला खडक कोणती खूण पुसतो आणि कोणती ठेवतो, हे कळल्याशिवाय या आकड्यांत निवड करता येत नाही. उत्तर सोबतच्या अनिश्चिततेसकट लिहायची शिस्त याहून चांगल्या उदाहरणाने समजावता येणार नाही.

शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर, बुलढाणा इथून दरवर्षी शाळा-कॉलेजांच्या सहली लोणारला जातात. मुले फोटो काढतात, धार नावाच्या झऱ्यावर जातात, देऊळ पाहून परततात. प्राध्यापकांना एक विनंती आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना काठावर अर्धा तास बसवावे. विवराची आकृती काढून घ्यावी, काय माहीत आणि काय धरले ते दोन रकान्यांत लिहून घ्यावे, आणि ऊर्जेचा अंदाज तिथेच काढायला लावावा. लोणार अभयारण्य आहे, तेव्हा खडे उचलू देऊ नयेत. वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.