यात्रेची वाट आणि तमाशाची रात्र : नाशिक परिसरातील वाहन, मुक्काम व लोककला

प्रस्तावना

महाराष्ट्रातील तमाशाचा इतिहास आजवर प्रामुख्याने शाहीर, लावणी, वग आणि जातिव्यवस्था या अंगांनी लिहिला गेला आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु फड यात्रेच्या गावी कसा पोहोचला, प्रेक्षक कोणत्या वाहनाने आला, रात्री तो कोठे टेकला आणि परतीला केव्हा निघाला, हे प्रश्न बहुधा किरकोळ समजून बाजूला ठेवले गेले. प्रस्तुत निबंधात नाशिक जिल्हा आणि पुणे-नाशिक रस्त्यालगतचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, पहाटेपर्यंत चालणारा तमाशा हे केवळ त्या कलाप्रकाराचे अंगभूत लक्षण नव्हते. बैलगाडीने येऊन गाडीपाशीच मुक्काम करणारा प्रेक्षक समोर बसलेला होता, म्हणून ती रात्र शक्य होती. तमाशाची रात्र आखडली याचा दोष सामान्यतः ध्वनिक्षेपकावरील निर्बंधांना दिला जातो. तो पूर्णतः खरा नाही.

गाडी हेच घर

नाशिक जिल्ह्यातील मोठ्या यात्रांची तिथिवार मांडणी केली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. निफाड तालुक्यातील नैताळे येथील मतोबा महाराजांची यात्रा आणि मालेगावजवळील चंदनपुरीची खंडोबाची यात्रा या दोन्ही पौष पौर्णिमेला भरतात. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, पौष वद्य एकादशीला, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. सप्तशृंग गडावरील चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो. या तिथींना धार्मिक कारणे आहेतच. पण चांदण्याची रात्र आणि खरिपाच्या सुगीनंतर रिकामी झालेली बैलजोडी या दोन गोष्टी जुळून आल्याखेरीज कुटुंबेच्या कुटुंबे यात्रेला लोटली नसती, हेही तितकेच खरे. पौर्णिमा यात्रेसाठी निवडली गेली असे येथे म्हणावयाचे नाही. पौर्णिमेच्या यात्रांना गाडीवाट अनुकूल ठरली एवढेच म्हणावयाचे आहे.

लादलेली बैलगाडी दिवसाकाठी आठ-दहा कोस चाले. म्हणजे दोन मुक्कामांच्या टप्प्यातील गावेच एखाद्या यात्रेचा खरा प्रेक्षकवर्ग. ज्याच्या घरी गाडी नसे तो शेजाऱ्याची गाडी भाड्याने घेई, किंवा दोन-तीन घरे मिळून एक गाडी करीत. भाडे रोखीने दिले जाई तसेच धान्यानेही. साट्यात गवताचा किंवा कडब्याचा थर, त्यावर वाकळ, वर ताडपत्री किंवा तट्ट्याचे छप्पर, मागे कडब्याच्या पेंढ्या आणि खाली टांगलेला कंदील, असा हा संसार असे. यात्रेच्या माळावर गाडी सोडली की जू जमिनीला टेके, बैल चाकाला बांधले जात आणि तीन दगडांची चूल पेटे. देवदर्शन, नवस, बाजार, कुस्त्या आणि रात्रीचा तमाशा हे सर्व त्या चुलीभोवती दोन-तीन दिवस घडे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, राहण्याची सोय असलेले भाड्याचे वाहन घेऊन कलामहोत्सवाला जाण्याची ही रीत होती. ती हौस नव्हती. दुसरा मार्गच नव्हता.

अशा प्रेक्षकाला मध्यरात्री घरी जावयाचे नसते. बैल दमलेले, वाट अंधारी, लेकरे साट्यात झोपलेली. गण, गवळण, बतावणी आणि मग पहाटेपर्यंत रंगणारा वग ही रचना या प्रेक्षकासमोर नीट बसते. वग हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. उमा-बाबाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानला जातो. एकच कथा चार-चार तास लांबविण्याची मुभा शाहिराला कोणी दिली, असा प्रश्न विचारला तर त्याच्या प्रतिभेबरोबर माळावर सोडलेल्या त्या गाड्यांचाही उल्लेख करावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी होणारी ‘हजेरी’, म्हणजे गावकऱ्यांपुढे व देवापुढे दिवसाउजेडी सादर होणारी गाणी, हीदेखील प्रेक्षक सकाळी गावातच आहे हे गृहीत धरूनच आकाराला आली असावी.

१८६५ साली थळ घाटातून रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबई नाशिकला जोडली गेली. याचा तमाशावर झालेला परिणाम मोठा आहे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांना मुंबईने दिलेली कीर्ती रेल्वेखेरीज संभवत नाही. मात्र यात्रेच्या दृष्टीने रेल्वेचा उपयोग मर्यादित राहिला. रेल्वे निफाडच्या स्थानकावर उतरवी. पुढची नैताळ्याची वाट गाडीनेच किंवा पायी काटावी लागे.

नारायणगाव, संगमनेर, सिन्नर

पुणे-नाशिक रस्ता हा महाराष्ट्राच्या लोककलेचा एक कणाच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि पुढे विठाबाई (१९३५–२००२) यांचे गाव. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाचे गाव. आज तेथील टोलनाक्यावर थांबणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा. संगमनेर येथेच कांताबाई सातारकर यांचे वास्तव्य होते आणि मे २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे जन्मगाव.

वामनदादांचा उल्लेख येथे केवळ भूगोलासाठी केलेला नाही. नाशिक परिसरात १९३० च्या दशकात, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वातावरणात, भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. जलशाने तमाशाची चौकट घेतली, पण तिचा अर्थ पालटला, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. त्यात एक भर घालता येईल : जलशाने तमाशाचे ओझेही उतरविले. ढोलकी, तुणतुणे, पेटी आणि मोजके गायक-नट एवढाच सरंजाम पायी, सायकलवर किंवा एसटीच्या टपावर सहज जातो. तो यात्रेच्या तिथीवर अवलंबून नसतो आणि त्याला सुपारी देणाऱ्या पाटलाचीही गरज नसते. वस्तीत जावे, समाजमंदिरापुढे उभे राहावे आणि गावे. वामनदादा आयुष्यभर असेच फिरले. याउलट फडाचे सामान जितके वाढत गेले, तितका तो वाहनाच्या आणि वाहनासाठी काढलेल्या कर्जाच्या आधीन होत गेला.

एसटी आणि मालमोटार

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढील दोन-तीन दशकांत एसटी खेड्यापर्यंत पोहोचली आणि यात्रेसाठी ‘जादा गाड्या’ सोडण्याची प्रथा पडली. गावाने किंवा मंडळाने मिळून संपूर्ण गाडी भाड्याने घेण्यासाठी एसटीने ‘प्रासंगिक करार’ ही सोय ठेवली. लग्नाचे वऱ्हाड आणि यात्रेकरू हे तिचे मोठे गिऱ्हाईक. पाठोपाठ ट्रॅक्टरची ट्रॉली, काळी-पिवळी जीप, टेम्पो आणि अखेरीस दारातली मोटारसायकल आली.

या सोयीने यात्रेचा परीघ विस्तारला. दोन मुक्कामांऐवजी शंभर किलोमीटरवरून माणूस येऊ लागला. पण तो मुक्कामाला राहीनासा झाला. बैलगाडी घर होती, एसटी घर नव्हे. प्रासंगिक कराराच्या गाडीचा चालक थांबण्याचे तास मोजतो. जीपवाल्याला दुसरी खेप गाठावयाची असते. प्रेक्षक घड्याळाकडे पाहू लागला की चार तासांचा वग दोन तासांवर येतो आणि त्याची जागा तुकड्यातुकड्यांची रंगबाजी व चित्रपटगीते घेतात. ती कोठूनही पाहावीत, कोठेही उठून जावे. तमाशात चित्रपटगीते शिरली याबद्दल हळहळणाऱ्या लेखनाची आपल्याकडे वाण नाही. प्रेक्षकाची अभिरुची बिघडली असे त्यात सहज म्हटले जाते. अभिरुचीपेक्षा त्याची परतीची वेळ बदलली, हे कारण प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहानंतर खुल्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई, आणि वर्षातील मोजक्या दिवशी राज्य शासनाने परवानगी दिल्यास मध्यरात्रीपर्यंत सवलत, असे त्यांचे स्वरूप आहे. दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या कलेला हे नियम मारक ठरले यात शंका नाही. तथापि ते आले तेव्हा नैताळ्याच्या माळावर रात्रभर थांबणारा प्रेक्षक आधीच विरळ झाला होता. नियमाने उरलेसुरले दार लावून घेतले.

फडाचे बिऱ्हाड

प्रेक्षकाचे घर वाहनातून गेले. कलावंताचे मात्र वाहनातच राहिले. तंबूच्या फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन बुद्ध पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने चालतो. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. तंबू, कनाती, फळ्या, जनरेटर, दिवे, पेट्या आणि भांडीकुंडी यांसाठी अनेक मालमोटारी लागतात. कलावंतांसाठी जुनी बस असते, नसल्यास सामानावरच पथारी पडते. रात्री खेळ, पहाटे सामान भरणे, दिवसा प्रवासात झोप, दुपारी नव्या गावी तंबू, असा हा क्रम. पूर्वी एका यात्रेनंतरची दुसरी यात्रा बैलांच्या चालीने ठरे. मालमोटारीमुळे आज निफाड, तर उद्या जुन्नर शक्य झाले, खेळांची संख्या वाढली आणि विश्रांतीचा दिवस नाहीसा झाला.

विठाबाईंच्या चरित्रातील प्रसंग सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या, रंगमंचामागे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. हा प्रसंग नेहमी कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो वेगळ्या रीतीनेही वाचता येतो : हंगामात फडातील स्त्रीला रंगमंचामागची ती जागा आणि गाडीचा हौदा याखेरीज दुसरे घरच नव्हते. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्काराने सन्मानित झालेल्या कलावतीचे उत्तरायुष्य हलाखीत गेले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या बिऱ्हाडाचे अर्थकारण ‘उचल’ या एका शब्दाभोवती फिरते. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना आगाऊ रक्कम देतो. ती देण्यासाठी आणि वाहने रस्त्यावर आणण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून उचलतो. मग गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी देण्यास येतात. तिथी, अंतर आणि फडाचे नाव यांवर बोली ठरते. चैत्रातील अष्टमी-पौर्णिमेचा भाव सर्वांत चढा. या चार-सहा आठवड्यांत वर्षाचे देणे फिटावयाचे असते. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. राहुट्या उठल्या, यात्रा रद्द झाल्या, गाड्या उभ्या राहिल्या. २०२१ चा चैत्रही तसाच गेला. उचल मात्र फिटलेली नव्हती आणि व्याज टाळेबंदी पाळत नाही.

नवे यात्रेकरू

२००८ पासून नाशिकच्या गंगापूर धरण परिसरातील द्राक्षमळ्यांत ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव भरू लागला. महासाथीच्या काळात पडलेल्या खंडानंतर तो २०२५ मध्ये पुन्हा झाला. मुंबई-पुण्याहून मोटारी करून येणारा, गाण्यासाठी मुक्काम करणारा हा प्रेक्षक आहे. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली वाहने, ती उभी करण्यासाठी पाणी-विजेचे तळ, असा विचार त्यात आहे. पर्यटकासाठी तो स्तुत्यच म्हणावा लागेल. तमाशाच्या फडाला मात्र असा तळ दर मुक्कामी लागतो आणि तो यात्रेच्या माळावर दगडधोंडे बाजूला सारून स्वतःच करावा लागतो. पाण्याचा टँकर आणि स्त्रियांसाठी आडोसा यांची बोली आजही ज्या त्या गावाशी करावी लागते.

या विषयाची लिखित साधने तुटपुंजी आहेत. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये यात्रांची ठिकाणे व तिथी सापडतात. माळावर सोडलेल्या गाड्यांतील रात्रीचा मागोवा त्यातून लागत नाही. गाडीतून यात्रेला गेलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. निफाड, सिन्नर, येवला येथील महाविद्यालयांना तिच्या मुलाखती पदवीच्या प्रकल्पांतून सहज घेता येतील. तमाशात काय पाहिले, हे सर्वच विचारतात. गाडी कोणाची होती, भाडे काय दिले, बैलांना वैरण कोठून आणली आणि वग संपण्यापूर्वी कोणी जू उचलले का, हेही त्यांना विचारावे.