विंचू न पाळण्याचा इतिहास

पश्चिम आफ्रिकेतला काळाकभिन्न इंपेरर विंचू, नाहीतर दमट जंगलात सालीखाली राहणारा जेमतेम तीन सेंटिमीटरचा लिओकेलिस, असे सौम्य विषाचे विंचू नवशिक्या हौशींना सुचवले जातात. मराठवाड्यातल्या हदगावाकडे हा शौक रुजला नाही, आणि त्यामागे अडाणीपणा नाही, अनुभव आहे. दगडमातीच्या भिंतीच्या सापटीत, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या राशीत भेटतो तो लाल विंचू. त्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड, आणि हीच घातक विषाची खूण. मोठ्या काळ्या विंचवाचे चिमटे दांडगे, शेपूट किरकोळ; त्याचा डंख ठणकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. नुसत्या आकारावरून धोका जोखायला गेलं तर फसगतच. अंथरूण आणि पायताण झटकायची इथली सवय या हिशेबातूनच आली आहे.

यावर कुणी म्हणेल, गावोगावी मांत्रिक विंचू उतरवत आणि माणसं बरी होत, मग एवढी धास्ती कशाला? पण बहुतेक डंख आपोआप ओसरतात. श्रेय मंत्राला मिळे आणि गंभीर रुग्णाचे मोलाचे तास वाया जात. लाल विंचवाच्या विषाने रक्तदाब भडकतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, महाडच्या परिसरात, ही लक्षणं टिपून 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या रुग्णांना दिली. 1986 साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांत शंभरामागे पंचवीस-तीस असलेले मृत्यू पुढे एकाच्या आसपास आले.

दुसरा आक्षेप यादगीर जिल्ह्यातल्या कंदकूरचा. हदगावासारखाच तोही मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे नागपंचमीला लोक टेकडीवरचे विंचू हातावर, तोंडावर खेळवतात. पण विंचू दबला, चिमटला तर नांगी मारतो. दिवसाउजेडी तो सुस्त असतो. त्यातून ती वर्षातल्या एका दिवसाची प्रथा आहे, बारमाही सहवास नाही. गोळी आल्यामुळे भीती कमी झाली, हे खरं. पण ती गोळी वेळेत दवाखान्यात पोचणाऱ्यालाच वाचवते, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो वेळ फारच थोडा असतो. म्हणून हौस असलेल्याने आधी चिमटे आणि शेपूट पाहावी, आणि जात नक्की ओळखता येत नसेल तर विंचू घरात आणूच नये.