चार बोटांची जागा

हा लेख टाकावा की नाही यात माझे दोन वीकएंड गेले. विषय असा की ऑफिसात कॉफी मशीनपाशी कुणी काढत नाही, आणि काढलाच तर पुढच्या वाक्याला त्याचा विनोद होतो. पण गेल्या आठ महिन्यांत ह्यावर मी जेवढं वाचलंय तेवढं कामाचं एकही मॅन्युअल वाचलेलं नाही. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यापासून सुरुवात करतो. लहानपणी ह्या रस्त्याने जाताना कुंपणाच्या भिंतींवर सिमेंट आणि बियाण्यांच्या जाहिरातींच्या मधे ठळक अक्षरांत रंगवलेलं असायचं, 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'निराश होऊ नका, एकदा अवश्य भेटा'. शाळेच्या सहलीत त्या पाट्या मोठ्याने वाचायच्या पैजा लागायच्या. तिशी उलटल्यावर तसल्या पाट्या मी मान न वळवता, मनातल्या मनात वाचायला लागलो. फरक एवढाच!

झालं होतं असं, की दिवसाचे दहा-अकरा तास खुर्चीत, डेडलाईन डोक्यावर, आणि ओटीपोटाच्या खाली एक दुखरेपणा. त्याच्या जोडीला हळूहळू ते दुसरं. ताठरता टिकेना. लग्नाला चार वर्षं झालेली. बायको काही बोलली नाही, पण तिने न बोलणंच जास्त लागलं. शेवटी यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घेतलं (हे कुणीही आधी करावंच, कारण असा त्रास कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली सूचना असतो). सगळं नॉर्मल. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, फिजिओथेरपिस्टच्या नावाने.

फिजिओ? मला वाटलं चुकून दुसऱ्याच पेशंटची फाईल उघडलीय. फिजिओ म्हणजे गुडघा, पाठ, फ्रोझन शोल्डर. पण गेलो. त्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसभर काय आवळून बसता?"

तर हे 'आवळणं' म्हणजे नेमकं काय, ह्याचा शोध घेता घेता मी थेट इ.स. १२९० मध्ये पोचलो. कसा ते सांगतो.

आपल्या कमरेच्या हाडांच्या कड्याला खालून तळ असतो, स्नायूंचा. पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली झोळीच म्हणा ना. हा पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, आतडं वगैरे मंडळी ह्या झोळीवर टेकलेली असतात. ह्याच तळाच्या खालच्या थरात पुरुषांच्या बाबतीत दोन महत्त्वाचे स्नायू आहेत. एक लिंगाच्या मुळाला दोन्ही बाजूंनी धरतो; तो आकसला की आत साठलेल्या रक्ताचा दाब शरीरातल्या नेहमीच्या रक्तदाबाच्याही वर जातो आणि खरा ताठरपणा येतो. दुसरा मूत्रनलिकेच्या मुळाला वेढलेला, रक्त परत वाहून जाऊ न देण्याला हातभार लावणारा आणि वीर्य बाहेर टाकणारा. म्हणजे रक्त आणणं हे रक्तवाहिन्यांचं काम, पण ते दाबून धरणं हे चक्क स्नायूंचं काम. आणि स्नायू म्हटला की तो दंडासारखाच, कमकुवत होतो, थकतो, किंवा पेटका आल्यासारखा आखडूनही बसतो.

हे सगळे स्नायू जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे गुदद्वार आणि लिंग यांच्या मधली शिवण. मॅडम मॉडेलवर बोट ठेवून ती दाखवत होत्या तेव्हा मला एकदम आजोबा आठवले. नाशिकच्या आमच्या जुन्या घरात ते रोज ज्ञानेश्वरी वाचायचे आणि सहाव्या अध्यायाशी आले की आम्हा पोरांना "जा रे, बाहेर खेळा" म्हणून पिटाळायचे. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. घरी येऊन तो अध्याय काढला. योगाच्या आसनाचं वर्णन करताना ज्ञानेश्वर त्या जागेचं मोजमाप देतात. गुद आणि लिंग यांच्यामधे चार बोटं जागा. अलीकडून दीड बोट सोडायचं, पलीकडून दीड बोट सोडायचं, आणि मधे जे एक बोट उरतं तिथे टाच रुतवून अंग तोलायचं. दीड अधिक दीड अधिक एक, बरोबर चार. टेस्ट केस पास! शके १२१२ मधली मराठी, आणि इतकं स्वच्छ स्पेसिफिकेशन. मला आजवर क्लायंटकडून असं आलेलं नाही. ह्याला ते मूळबंध म्हणतात, वज्रासन हे त्याचंच दुसरं नाव असंही सांगतात.

आणि ही विद्या आली कुठून, तर परंपरा सांगते की आमच्याच त्र्यंबकहून. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना नाथपंथाची दीक्षा दिली, निवृत्तिनाथांनी ती धाकट्या भावाला, आणि धाकट्या भावाने नेवाशाला ती मराठीत सांगून टाकली. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरलाच आहे. म्हणजे ज्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या पाट्या होत्या, त्याच गावातून ही माहिती मराठीत उतरली होती.

थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका. 'केगल व्यायाम ज्ञानेश्वरांनी शोधला' असलं काही मी म्हणत नाहीये. ज्ञानेश्वरांना कुणाची ताठरता सुधारायची नव्हती, त्यांना कुंडलिनी जागी करायची होती. हठयोगाच्या ग्रंथांतही ह्या स्नायूंचा उपयोग आहे तो अपान वर चढवायला आणि बिंदू म्हणजे वीर्य राखायला. संसारी माणसाच्या संसारासाठी नाही. जागा तीच, स्नायू तेच, हेतू बरोबर उलटा. आणि माझ्या मते घोळ इथेच झाला. योग्याचं 'राखणं' हळूहळू संसारी माणसाच्याही गळ्यात पडलं. तालमीत लंगोट कसायचा, वीर्य राखायचं, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा. राखलं नाही तर कमजोरी आलीच समजा. ह्या भीतीला मानसोपचारात नावही आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' म्हटलं. भिंतीवरच्या पाट्या जगत होत्या त्या ह्याच भीतीवर.

मराठीत ह्या भीतीविरुद्ध एक माणूस उघड लिहीत होता, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. जुलै १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न यायचे, तेच जे आजही लोक रात्री दोन वाजता सर्च करतात, आणि कर्वे त्यांना आडवळण न घेता उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनाने शक्ती जात नाही हे त्यांनी त्या काळात छापलं. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र कुणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर प्रश्न आले तर उत्तर द्यायचंच नाही का, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मला ह्यातली जास्त खटकणारी गोष्ट दंड नाही, तर ती, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणारा कोर्टात उभा राहिला आणि 'एकदा अवश्य भेटा'वाले पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवत राहिले.

त्याच सुमारास लोणावळ्यात दुसरं काम चाललं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांना मोजपट्टी लावायला घेतली. उड्डियान, नौली करताना पोटाच्या आत दाब किती घटतो हे दाबमापक लावून, एक्स-रे काढून ते बघत होते. नौलीत मोठ्या आतड्यात निर्वात तयार होतो हे त्यांनी दाखवलं आणि त्याला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं, नाव दिलं. पोटाच्या तळाशी हा माणूस दाबमापक घेऊन पोचला होता. आणखी चार बोटं खाली गेला असता तर? पण असे 'तर' इतिहासात धरत नाहीत. असो.

ती चार बोटं ओलांडली कॅलिफोर्नियातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी ह्या स्नायूंचा व्यायाम मांडला, आणि आकुंचनाचा दाब मोजणारं पेरिनिओमीटर नावाचं उपकरणही बनवलं. दाब डोळ्यांना दिसला की बाईला कळायचं, आपण बरोबर स्नायू आवळतोय की नुसतंच पोट. डीबगरच की हा! पण ह्या यशाचा एक विचित्र परिणाम झाला. हे स्नायू 'बायकांचे' ठरले. प्रसूती विभागात तक्ते लागले, पुरुषांकडे अनेक दशकं फारसं कुणी बघितलं नाही. आपल्याकडे तर फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षणच १९५० च्या दशकात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीनंतर सुरू झालं. तेव्हा पोरांना पायावर उभं करणं हेच काम डोंगराएवढं होतं.

पुरुषांचा नंबर लागला १९९० नंतर. बेल्जियममधल्या लूव्हन इथे १९९३ मध्ये ताठरतेच्या दीडशे रुग्णांत शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना केली गेली. व्यायाम करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी नंतर शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. मग मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली आणि सगळं लक्ष गोळीकडे गेलं. गोळीवर माझा राग नाही, ती काम करते. पण व्यायाम विकायला कुणाला पेटंट मिळत नाही, त्यामुळे त्याची जाहिरातही होत नाही. इंग्लंडमध्ये ग्रेस डोरी नावाच्या फिजिओथेरपिस्टने चिकाटीने ५५ पुरुषांवर चाचणी केली, ती २००४-०५ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनंतर ४० टक्के पूर्ण पूर्ववत, आणखी साधारण एक तृतीयांश लोकांत सुधारणा, उरलेल्या पाव भागाला काहीच फरक नाही. शीघ्रपतनाबाबत २०१४ मध्ये इटलीतून ४० जणांचा अभ्यास आला, बारा आठवड्यांत ३३ जणांना ताबा मिळाला. अभ्यास छोटे आहेत, इटलीच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, त्यामुळे उड्या मारू नयेत. पण भिंतीवरच्या पाटीने कधी 'पाव लोकांना फरक पडत नाही' असं लिहिलेलं पाहिलंय?

आता माझी गंमत. हे सगळं वाचून मी उत्साहाने आवळायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये, सिग्नलला, लिफ्टमध्ये. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट! मॅडमना अभिमानाने आकडे सांगितले तर त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमचे स्नायू कमकुवत नाहीतच. ते आखडलेत. मुठी आवळून बसलेल्या माणसाला मी अजून आवळा म्हणून सांगेन का?" मला आधी सोडायला शिकायचं होतं. हे काही त्यांच्या मनचं नव्हतं. स्टॅनफर्डमध्ये १९९५ पासून ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर ह्याच दिशेने काम झालं, आखडलेले बिंदू हाताने सोडवणं आणि शिथिलीकरण. त्यातल्या बऱ्याच पुरुषांच्या लैंगिक तक्रारीही त्यासोबत कमी झाल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून कुणीतरी तपासल्याशिवाय यूट्यूब बघून आवळत सुटू नका. तपासणीत गुदद्वारातून एक बोट घालून स्नायू बघतात, आधी नीट विचारून. दोन मिनिटांचं काम. लाज वाटते, खोटं कशाला बोलू, पण रूट कॅनालपेक्षा नक्कीच सोपं.

मला दिलेला व्यायाम ऐकायला फालतू वाटेल. पाठीवर झोपायचं, गुडघे वर, श्वास पोटात घ्यायचा आणि त्या श्वासाबरोबर खालचा तळ सैल पडू द्यायचा. बस. पहिले तीन आठवडे मला काही सैल पडतंय हेच कळेना. तीस वर्षं आवळूनच बसलो होतो, सुटलेलं कसं वाटतं ते माहीत कुठे होतं? आवळायचा भाग अडीच महिन्यांनंतर आला, तोही मोजून दहा वेळा, आणि प्रत्येक आवळण्यानंतर त्याच्या दुप्पट वेळ सोडणं.

हे कळल्यावर पुन्हा जुन्या पुस्तकांकडे गेलो. घेरंडसंहितेत अश्विनीमुद्रा आहे, साधारण तीनेकशे वर्षांपूर्वीची. घोड्यावरून नाव. तिचं वर्णन नुसतं आवळण्याचं नाही. आकसा आणि उघडा, पुन्हा पुन्हा, असं आहे. तालमीपर्यंत येताना त्यातलं अर्धंच आलं. उघडा हा शब्द वाटेत कुठे गळला कोण जाणे.

मागच्या महिन्यात बायकोबरोबर त्र्यंबकला गेलो होतो. निवृत्तिनाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, बाहेर येऊन चहा घेतला. परतताना अंधार पडला होता. एका भिंतीवर जुना रंग अजून पुसट दिसत होता, 'निराश होऊ' एवढंच उरलेलं, पुढचं 'नका' पावसाने धुतलेलं. मी मोठ्याने वाचलं. ती हसली, मग म्हणाली, "घरी सांगायचंस ना आधीच, वर्षभर कशाला थांबलास?"