प्रारणरक्षक औषधे : उंदरांच्या जनुक-अभिव्यक्तीवरील दीर्घकालीन परिणाम

गॅमा किरण, क्ष-किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणांमुळे पेशींना होणारी इजा कमी करणाऱ्या औषधांना प्रारणरक्षक औषधे म्हणतात. सिस्टीन या अमिनो आम्लाचा असा गुण १९४९ मध्ये लक्षात आला. पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून अमिफोस्टीन तयार झाले व १९९५ मध्ये त्याला तेथे वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. मुंबई उपनगर जिल्ह्यात ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात उंदरांवर या विषयाचे महत्त्वाचे काम झाले आहे.

औषधाची रूढ कसोटी म्हणजे साधारण ८ ग्रे (प्रारणमात्रेचे एकक) मात्रा संपूर्ण शरीरावर दिल्यानंतर तिसाव्या दिवशी किती उंदीर जिवंत आहेत, हे मोजणे. या काळातले मृत्यू मुख्यतः अस्थिमज्जा निकामी झाल्याने होतात : पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग होतो, बिंबाणू घटून रक्तस्राव होतो. ही कसोटी आवश्यक आहे, पण अपुरी आहे. कर्करोग आणि ऊतींचे तंतुभवन काही महिन्यांनी दिसू लागते. तिसाव्या दिवशी त्यांचा मागमूसही नसतो. शिवाय औषध केवळ मुक्त मूलके (प्रारणाने पेशीत तयार होणारे अतिक्रियाशील कण) टिपून थांबत नाही. अमिफोस्टीन रक्तातून काही मिनिटांत नाहीसे होते, तरी त्याचे क्रियाशील रूप मँगॅनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे जनुक जागे करते आणि सुमारे २४ तासांनी पेशी पुन्हा प्रारण सोसण्यास सक्षम झालेल्या आढळतात. ट्रॉम्बेच्या २०१४ मधील अभ्यासात बायकॅलीन या वनस्पतिजन्य द्रव्याचे संरक्षण एनआरएफ-२ या जनुक-नियंत्रक प्रथिनाशी जोडलेले दिसले. २०१५ मध्ये क्लोरोफिलिनने उंदरांच्या रक्तमूलपेशींची क्रियाशीलता वाढल्याचे नोंदवले गेले. जनुकांनाच हात घालणाऱ्या औषधाचा हिशेब महिन्याभरात पुरा झाला असे मानता येत नाही.

म्हणून जनुक-अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे, हे पुढेही मोजत राहायला हवे. यावर आक्षेप असा की, अभिव्यक्ती बदलली म्हणजे अपाय झाला असे नव्हे. हे खरेच आहे, पण त्यावरून मोजणी सोडून देण्याऐवजी ती नेमकी करायला हवी. निव्वळ औषध, निव्वळ प्रारण, दोन्ही आणि दोन्ही नाही, असे एकाच वयाचे चार गट हवेत, कारण वार्धक्यानेही अभिव्यक्ती बदलते. प्रारणाची मात्राही प्राणघातक नसावी. एरवी औषधाविना मेलेले उंदीर तुलनेतून गळतात आणि उरलेल्या कणखर उंदरांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. मज्जेतल्या पेशींचे परस्पर प्रमाण बदलले तरी जनुकांची अभिव्यक्तीच बदलल्याचा भास होतो, म्हणून पेशी वेगळ्या करून तपासणे इष्ट. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : एनआरएफ-२ कायम जागे राहिल्याचा फायदा काही फुप्फुस-कर्करोगांच्या पेशीही उठवतात. मात्र औषधाने तात्पुरते चेतवणे आणि जनुकबदलामुळे ते कायम चालू राहणे, यांत फरक आहे. तो फरक प्रत्येक औषधाबाबत दाखवून देण्याची जबाबदारी ते सुचवणाऱ्यांची आहे.

आर्गॉन येथील अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेने अमिफोस्टीन दिलेल्या उंदरांचा आयुष्यभर मागोवा घेतला व त्यांत प्रारणजन्य अर्बुदांपासून संरक्षण मिळाल्याचे दाखवले. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-अडीच वर्षे जगतो. नव्या औषधाची चाचणीही तेवढी चालली पाहिजे.