कंगवा, कापूस आणि ओली हवा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी नुकताच लागलो होतो. मी मराठी-इतिहासाचा मास्तर. पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीचा तास माझ्या गळ्यात पडला. पाठ होता घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचा. महिना जुलै, बाहेर धो धो पाऊस. मी ऐटीत कंगवा केसांवर घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म! वर्ग हसला. "कंगवाच खराब दिसतोय" असं म्हणून मी वेळ मारून नेली. कंगव्याचा काहीच दोष नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

ही वीज माणसाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी. अंबर लोकरीवर घासलं की काडीकचरा ओढतं, हे निरीक्षण इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या ग्रीक थेलीसच्या नावावर सांगतात. आपल्याकडे संस्कृतात अंबराला 'तृणमणि' असा शब्द आहे, म्हणजे गवत ओढणारा मणी. १६०० साली विल्यम गिल्बर्टने अंबराच्या ग्रीक नावावरून 'इलेक्ट्रिक' हा शब्द घडवला. गंमत पाहा, साहेबाची वीज घासण्यातून जन्मली आणि आपली 'विद्युत' आभाळातून उतरली. पुढे फ्रान्सच्या द्यु फे याने १७३३ च्या सुमारास ही वीज दोन प्रकारची असते हे दाखवलं. १७५७ मध्ये विल्के याने कुठला पदार्थ घासल्यावर धन होतो आणि कुठला ऋण, याची क्रमवारी लावली. नंतर बॅटरी आली, डायनामो आला आणि घर्षणाची वीज शाळेच्या प्रयोगापुरती उरली.

कारखान्यात मात्र ती होतीच, पण उपद्रव म्हणून. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. सूतकताईला इथली दमट हवा मानवते. हवा कोरडी असली की सूत तुटतं, शिवाय घासून प्रभारित झालेले तंतू एकमेकांना ढकलतात आणि पिंजारतात. म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम ओली ठेवत. ओलावा असला की प्रभार टिकत नाही, निसटून जातो. माझ्या कंगव्याचं नेमकं हेच झालं होतं!

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा ते घरी बसले, ते कायमचेच. ती कोंदट, ओली हवा आणि तिच्यात तरंगणारा कापसाचा भुसा ते वर्षानुवर्षं छातीत घेत आले होते. सुताची काळजी घेणारी ती हवा माणसाची काळजी घेत नव्हती. खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

असो. पुढे नायलॉन, टेरिलिन आले आणि घर्षणाची वीज घराघरांत शिरली. थंडीत टेरिकॉटचा शर्ट काढताना होणारी चटचट आठवते ना? तीच ही. २०१२ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या चोंग लिन वांग या चिनी वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या उपद्रवालाच कामाला लावलं. एक पत्रा पॉलिएस्टरचा, एक कॅप्टनचा, दोन्हींच्या बाहेरच्या बाजूंना धातूचा पातळ थर. हे पत्रे एकमेकांवर घासले, दाबले, सोडले की बाहेरच्या तारेतून वीज वाहते. पहिल्याच यंत्राने ३.३ व्होल्टपर्यंत दाब दिला.

हे 'कॅप्टन' म्हणजे जहाजावरचा कप्तान नव्हे! पॉलिइमाइड नावाच्या बहुवारिकाच्या फिल्मचं ते व्यापारी नाव. ती जवळजवळ ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, म्हणून विजेच्या मोटरांत आणि अंतराळयानांत वापरतात. पॉलिएस्टर ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. शिवाय उष्णता वाढली की पृष्ठभागावर साठलेले इलेक्ट्रॉन उडून जातात. म्हणून आता संशोधक अशा उष्णतारोधक बहुवारिकांचे नॅनोतंतू काढतात. सुईच्या टोकाशी द्रावण ठेवून त्याला हजारो व्होल्टचा दाब दिला की बारीक धार ओढली जाते आणि उडता उडता सुकते. अंतोन फॉर्महाल्सने या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९३४ मध्येच घेतलं होतं. पॉलिइमाइडच्या बाबतीत आधी त्याच्या पूर्वरूपाचा तंतू काढतात आणि मग सुमारे ३०० अंशांना भाजून पक्का करतात. तंतू काहीशे नॅनोमीटर जाडीचा. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड! अशा जाळीत घासायला पृष्ठभाग भरपूर मिळतो.

याने पंखा फिरणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. निघते ती वीज चिमूटभर. पण आगीत शिरलेल्या जवानाच्या अंगरख्यातच असे तंतू विणले, तर त्याच्या हालचालीवरच एखादा छोटा संवेदक चालेल, बाहेरच्यांना त्याची खबर देईल. बॅटरी जिथे तापून निकामी होते, तिथे हे कामाचं. कामगाराच्या अंगावरचं कापड त्याचीच राखण करतंय, ही कल्पना मला फार भावते. का, ते वर आलंच आहे.

मुंबईची ओली हवा मात्र अजून या विजेची वैरीण आहे. त्यामुळे यंत्र बंदिस्त ठेवावं लागतं.

त्या सातवीतली मुलं आता साठीला आली असतील. कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगायचंय : बाळा, कंगवा चांगला होता. हवा ओली होती आणि तुझ्या मास्तरांना ते माहीत नव्हतं. जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या सकाळी पुन्हा करून बघ.