कासरा आणि सुकाणू

1864 साली मुंबई-सुरत लोहमार्ग मुंबईपर्यंत पुरा झाल्यावरही, पालघरच्या परिसरातील स्थानकावर उतरून चिंचणी-तारापूरकडे निघालेल्या कुटुंबास बैलगाडीचाच आश्रय असे; आणि वाटेत माहेरच्या मानपानावरून पतिपत्नींत जुंपली, कासरा हातात सैल पडला, तरी चाकोरीस सरावलेले बैल आपल्या संथ चालीने गाडी बिनबोभाट पुढे नेत. 1969 साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, बोईसरची औद्योगिक वसाहत विस्तारली, चिल्हार फाट्याकडे अवजड मालमोटारींची रहदारी वाढली, आणि कालांतराने सुकाणू गृहस्थाच्या वा गृहिणीच्याच हाती आले. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर धावते. प्रत्युत्तर देण्यासाठी चालवणाऱ्याने दोनच सेकंद मान वळवली, की 33 मीटर रस्ता दृष्टीआड झालाच. संतापाच्या भरात पाय नकळत अधिक दाबला जातो, हे तर मला त्याहून भयावह वाटते, कारण मागच्या आसनावर बहुधा मुले असतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात बेदरकारपणे वाहन हाकण्यास शिक्षा आहे. परंतु गाडीतील संभाषणावर कोणत्याही सरकारचा अंमल चालत नाही, आणि म्हणूनच मनोरच्या नाक्यावर गाडी कडेला घेऊन, चहा होईतो भांडण तेथेच पुरे करणारी दांपत्ये मला मनापासून आदरणीय वाटतात.