गोठलेल्या जमिनीवरचे रूळ

सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ज्या जमिनीचे तापमान शून्य अंश सेल्सियसच्या वर जात नाही, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सैबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा आणि तिबेटचे पठार येथे ती दूरवर पसरली आहे. उन्हाळ्यात तिचा वरचा थर वितळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालचा भाग मात्र गोठलेलाच राहतो. गोठलेली असेपर्यंत ही जमीन मोठा भार सहज पेलते. तिच्यात बर्फाचे प्रमाण जास्त असेल, तर वितळल्यावर चिखल होतो, आकारमान घटते आणि वरचे बांधकाम खचते. खचणे सगळीकडे सारखे नसल्याने रूळ वरखाली होतात आणि पुलांचे खांब कलतात.

हे वितळणे बरेचदा रेल्वेच्या बांधकामातूनच सुरू होते. भराव घालण्यासाठी शेवाळ आणि झुडपे काढली की उन्हापासून जमिनीला वाचवणारे आवरण नाहीसे होते. भरावाच्या पायथ्याशी साचलेले हिम हिवाळ्याची थंडी जमिनीत शिरू देत नाही. उन्हाळ्यात त्याच जागी तुंबलेले पाणी उष्णता खाली नेते.

या अडचणीचा पहिला मोठा अनुभव रशियाला आला. ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचे काम 1891 मध्ये सुरू झाले. बैकल सरोवराच्या पूर्वेला शेगड्यांनी ऊबदार ठेवलेल्या इमारतींखालची जमीन वितळून भिंतींना तडे गेले, इंजिनांसाठी पाणी मिळवणेही अवघड झाले. अशा जमिनीचा अभ्यास कसा करावा, याच्या सूचना रशियन भौगोलिक संस्थेने 1895 मध्ये तयार केल्या. अमूर प्रदेशात काम केलेल्या मिखाईल सुमगिन यांचा पर्माफ्रॉस्टवरील ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध झाला आणि या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे रूप आले. सोव्हिएत अभियंत्यांनी पुढे दोन मार्ग ठरवले: जमीन गोठलेलीच राखायची, किंवा ती वितळणार हे गृहीत धरून पाया रचायचा. पहिल्या मार्गाने इमारती खांबांवर उचलून त्यांच्याखालून थंड वारा खेळता ठेवता येई. शेकडो किलोमीटरच्या भरावाला हा उपाय लागू पडत नव्हता. 1974 पासून जोमाने बांधलेल्या बैकल-अमूर मार्गावरही भराव खचत राहिले आणि अनेक ठिकाणी गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागला.

भराव उंच करणे किंवा त्यात उष्णतारोधक थर घालणे, हे तोवरचे नेहमीचे उपाय होते. त्यांनी उष्णता आत शिरण्याचा वेग मंदावतो, पण शिरलेली उष्णता बाहेर निघत नाही. त्यामुळे वितळणे केवळ लांबणीवर पडते.

तिबेटच्या पठारावर या विचाराला निर्णायक कलाटणी मिळाली. चीनने फेंगह्वोशान येथे 1961 मध्ये पर्माफ्रॉस्टचे निरीक्षण केंद्र उभारले होते. गोलमुद ते ल्हासा या 1,142 किलोमीटरच्या मार्गाचे काम 2001 मध्ये सुरू झाले आणि 1 जुलै 2006 रोजी तो वाहतुकीस खुला झाला. त्यातला सुमारे 550 किलोमीटरचा पट्टा पर्माफ्रॉस्टचा आहे. तिथली बरीच जमीन शून्याच्या जेमतेम खाली असल्याने थोडी तापमानवाढही धोक्याची होती. चेंग ग्वोदोंग या शास्त्रज्ञाने आग्रह धरला की जमिनीला उष्णतेपासून नुसते वाचवू नये, तिला थंड करावे.

त्यासाठी भरावात मोठ्या दगडांचा पोकळ थर घातला गेला. हिवाळ्यात वरची थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि खालची ऊबदार हवा वर निघून जाते. उन्हाळ्यात ऊबदार हवा वर आणि थंड हवा खाली असल्याने हे अभिसरण थांबते. तोच थर तेव्हा उष्णता अडवतो. काही ठिकाणी भरावालगत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या रोवल्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतल्या उष्णतेने अमोनियाची वाफ होते, वरच्या टोकाला ती उष्णता थंड हवेला देऊन पुन्हा द्रव होते आणि खाली ओघळते. अलास्कातील तेलवाहिनीच्या खांबांत 1970 च्या दशकात अशा नळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या होत्या. जिथे जमीन फारच नाजूक होती, तिथे भराव टाळून खोल खांबांवर पूल बांधले. छिंगश्वेई नदीवरचा असा पूल 11.7 किलोमीटर लांब आहे. पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात गाड्यांसाठी ताशी 100 किलोमीटर वेग ठरवण्यात आला.

या उपायांनाही मर्यादा आहेत. वाऱ्याने आलेली वाळू दगडांच्या फटी भरून टाकते आणि हवेची हालचाल मंदावते. भरावाची उन्हाकडची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा जास्त तापते, त्यामुळे तो एकीकडे झुकून त्याला लांब भेगा पडू शकतात. शिवाय ही सारी थंडी हिवाळ्यातूनच मिळवायची असते. हिवाळे सौम्य होत गेले तर तिचा साठाही घटतो. म्हणून जमिनीत पुरलेल्या तापमापकांच्या नोंदी सतत पाहणे आणि गरजेप्रमाणे नव्या नळ्या बसवणे, हा अशा मार्गांच्या देखभालीचा कायमचा भाग बनला आहे.